ड्रायर घ्यावा की आधी तूर नीट वाळवावी?

पत्र : आमची काटोल तालुक्यात सहा एकर शेती आहे. तीन एकर संत्र्याची बाग, बाकीच्या वावरात कपाशी आणि तिच्यात तुरीच्या ओळी, शिवाय थोडी मिरची आणि भाजीपाला. मागच्या आंबिया बहाराचा मोठा माल व्यापाऱ्याने नेला, पण चुरी, म्हणजे बारीक फळे, मातीमोल गेली. भाव वाढेल म्हणून तूर घरात ठेवली, तर पावसाळ्यात तिला भुंगा लागला आणि ती बाजारात नेण्याच्या लायकीची राहिली नाही. आता नागपूरच्या एका प्रदर्शनात मी विजेवर चालणारा ड्रायर पाहिला. संत्र्याची साल, मेथी, टोमॅटो, काहीही वाळवा, हातोहात खपेल, असे विक्रेता म्हणतो. किंमत दीड लाखाच्या वर आहे. यजमानांचे म्हणणे असे की टिकवणे हे कारखान्याचे काम, आपण पिकवावे आणि विकून मोकळे व्हावे. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर वाळवणे घातली, त्याला कधी यंत्र लागले नाही. मी कोणाचे ऐकू?
– एक वाचक, काटोल तालुका

ताई, सप्रेम नमस्कार.

ड्रायर या वर्षी घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते; त्याची कारणे पुढे येतील. तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी सासूबाईंचे मत मला सर्वांत अधिक पटते, जरी ते पूर्ण उत्तर नसले तरी. यजमानांचे मत मात्र मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे त्यांनाही वाचून दाखवावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपला माल तयार होतो तेव्हा तो सगळ्यांचाच तयार होतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि पलीकडे थेट वरुड-मोर्शीपर्यंत एकाच वेळी तोडणीला येतात. तूर जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांच्या खळ्यावर एकदमच पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मजुरी, कृषी केंद्राची उधारी आणि बँकेचा हप्ता दारात उभे असतात. नागपूरच्या कळमना बाजारात बोली लागते तेव्हा ज्याचा माल उद्यापर्यंत टिकणार नाही, त्याला ‘या भावात देत नाही’ असे म्हणता येत नाही, आणि समोरच्या व्यापाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. माल टिकवण्याची सोय ज्याच्याकडे आहे त्यालाच तो नकार देता येतो. शेवटी माल कोणीतरी टिकवतोच. तो तुमच्या घरी टिकला नाही तर अडत्याच्या गोदामात किंवा शीतगृहात टिकतो आणि थांबण्याचा नफा तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट नुकसानीची. काढणीनंतर देशात किती शेतमाल वाया जातो याची पाहणी लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेने केली होती. 2015 च्या तिच्या अहवालात कडधान्यांची तूट 6.36 ते 8.41 टक्के आणि फळांची व भाज्यांची तूट पिकानुसार 4.58 पासून 15.88 टक्क्यांपर्यंत दिली आहे. आकडा ऐकायला लहान वाटतो, परंतु ही तूट बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि काढणी असा सगळा खर्च होऊन गेल्यावरची आहे. वावरात रोप मेले तर त्याच्या पुढचा खर्च तरी वाचतो. खळ्यावरची तूर किडली की खर्चाचा शेवटचा रुपयासुद्धा तिच्याबरोबर जातो. हे नुकसान थांबवण्याचे काम कारखाना करू शकत नाही, कारण ते कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच झालेले असते.

आता तुमच्या तुरीकडे येऊ, कारण तुमच्या घरात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त वाचण्यासारखे तिथेच आहे. भुंगा पावसाळ्यात घरात लागला असे तुम्ही लिहिता. माझ्या मते तो वावरातूनच पोत्यात आला. कडधान्याचा भुंगेरा शेंगा वाळत आल्या की शेतातच त्यांच्यावर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि मळणीच्या वेळी दाणा बाहेरून स्वच्छच दिसतो. पुढे पोत्यात तो भुंगेरा बाहेर पडून शेजारच्या दाण्यांवर पुन्हा अंडी घालतो, आणि उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. म्हणून फेब्रुवारीत मूठभर दाण्यांत असलेली कीड ऑगस्टपर्यंत सगळ्या पोत्यात पसरते. पुढच्या वेळी मळणी झाली की मूठभर तूर स्टीलच्या ताटलीत घेऊन उजेडात निरखून पाहा. सालीला घट्ट चिकटलेले, नखाने खरवडल्याशिवाय न निघणारे बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी आहेत, आणि गोल छिद्र दिसले तर तिथून किडा बाहेर पडून गेलेला आहे.

यावरचा पहिला उपाय वाळवणे हाच. आधारभूत किमतीच्या सरकारी खरेदीत तुरीचा ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, पण पावसाळा ओलांडून ठेवायची असेल तर तो 9 ते 10 टक्क्यांवर आणला पाहिजे. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते. दाताखाली दाणा दाबला न जाता कट्कन फुटला पाहिजे, ही जुनी पारख आजही कामाची आहे. दुसरी एक सोपी परीक्षा अशी : कोरड्या काचेच्या बरणीत थोडी तूर आणि त्यात दोन-तीन चमचे कढईत भाजून निववलेले कोरडे मीठ घालावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर दाण्यात 15 टक्क्यांहून अधिक ओल आहे आणि तो पोत्यात भरण्याच्या जवळपासही नाही. मीठ चिकटले नाही याचा अर्थ मात्र तूर वर्षभर ठेवण्याइतकी वाळली असा घेऊ नका, कारण ही परीक्षा फक्त नापास कोण ते सांगते. खात्री करायची असेल तर किलोभर नमुना घट्ट डब्यात घालून बाजार समितीत किंवा वखारीत न्यावा. तिथे ओलावामापक असतो.

तूर ताडपत्रीवर पातळ पसरावी, सारवलेल्या अंगणात थेट जमिनीवर नको, कारण जमिनीची ओल रात्री दाण्यात चढते. उन्हातून काढलेला गरम दाणा लगेच पोत्यात भरू नये; सावलीत पूर्ण निवू द्यावा, नाहीतर पोत्याच्या आत वाफ धरते आणि कडेचे दाणे बुरसतात. जुनी पोती वापरायची असतील तर ती उलटी करून, उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवावीत. शिवणीत लपलेला किडा नव्या तुरीची वाटच पाहत असतो. पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही आणि उंदराने पोते कुरतडले तर लगेच दिसते. हल्ली आतून हवाबंद प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या पिशव्या मिळतात. त्यांत कीड स्वतःच आतला प्राणवायू संपवून मरते, औषध लागत नाही. परंतु या पिशव्या ओल्या धान्याला उपयोगाच्या नाहीत, आणि दर आठ दिवसांनी तोंड सोडून वाटीभर काढायची असेल तरीही नाहीत.

घरच्या वर्षाच्या खाण्यासाठी तूर अख्खी ठेवण्यापेक्षा तिची डाळ करून ठेवावी. भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्ख्या दाण्याची साल लागते; फोडलेल्या डाळीत त्याची वाढ फारशी होत नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यात वर्षाची डाळ करून ठेवत, त्यामागे हे शहाणपण होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दालमिल विदर्भात बऱ्याच ठिकाणी बचत गटांकडे आहे. तुमच्या आसपासच्या गावात ती असेल तर भरडाईचे पैसे देऊन डाळ करून घ्या. अख्खी तूर ठेवणे भागच असेल तर घरच्या वापराच्या तुरीला किलोमागे 5 ते 10 मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवावे. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन हेही औषधच आहे : खाली काळा प्लॅस्टिकचा कागद, वर तुरीचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक कागद घालून कडा दगडांनी दाबल्या, की भर दुपारी आत इतकी उष्णता साठते की दाण्यातली अळीसुद्धा मरते. बियाण्यासाठी राखलेल्या तुरीवर मात्र हा प्रयोग करू नका.

इथे एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. पोत्यात टाकायच्या ज्या गोळ्यांना गावात सल्फास म्हणतात, त्यांतून ओलाव्याशी संबंध येताच फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसाला मारतो आणि बंद घरात झोपलेल्यांना कळतही नाही. कोणी ओळखीच्या माणसाने दिल्या म्हणून या गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात ठेवू नका. त्यांचा वापर हे प्रशिक्षित माणसाचे आणि बंद गोदामाचे काम आहे.

घरात जागा नसेल किंवा पैशाची निकड असेल तर तूर विकल्याशिवाय पैसे उभे करण्याचा एक मार्ग आहे, तो पुष्कळ शेतकरी वापरत नाहीत. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990 च्या सुमारापासून बाजार समित्यांमार्फत चालते. तूर, सोयाबीन, हरभरा यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. धरा, तुमची दहा क्विंटल तूर आहे आणि त्या दिवशीचा भाव सात हजार आहे. सत्तर हजारांच्या मालावर साडेबावन्न हजार रुपये हातात येतील आणि सहा महिन्यांचे व्याज 1,575 रुपये होईल. एवढ्यात हंगामातील उधारी फिटते आणि तूर तुमचीच राहते. तुमची बाजार समिती ही योजना राबवते का, हे समितीच्या सचिवांना विचारा. वखार महामंडळाच्या गोदामातील पावतीवरही बँका कर्ज देतात.

तरीही सगळी तूर थांबवून ठेवावी असे मी म्हणणार नाही. तुरीचा भाव म्यानमार आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मालावर आणि सरकारच्या आयात धोरणावर हलतो, आणि थांबलेल्याला दरवेळी बक्षीस मिळतेच असे नाही. मला विचाराल तर निम्मी तूर हंगामात विकावी, निम्मी ठेवावी, आणि ठेवलेली तूर कोणत्या महिन्यात भाव काहीही असला तरी काढायची हे आधीच ठरवावे. ‘अजून थोडे थांबू’ या मोहात पावसाळा उजाडतो.

संत्र्याचा हिशेब वेगळा आहे. संत्रे झाडावरून उतरल्यावर पिकत नाही, गोडही होत नाही. केळे किंवा आंबा ठेवल्यावर पिकतो तसे इथे काही घडत नाही. तोडले त्या क्षणी त्याची चव जी असेल ती असते, आणि त्यानंतर फक्त उतरण सुरू होते. ही उतरण हळू करणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात तोडणीच्या हातापासून होते. मजूर घाईत फळ ओढून तोडतात तेव्हा देठाजवळची साल टवका निघून फाटते. टोपलीत ते फळ इतरांसारखेच दिसते. चार-पाच दिवसांनी त्याच फाटलेल्या जागी आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी उगवते, आणि तिची धूळ शेजारच्या फळांवर बसते. कात्रीने देठ फळालगत कापून काढलेले संत्रे यातून बऱ्याच अंशी वाचते. कात्रीने तोडणी सावकाश होते म्हणून मजुरी थोडी वाढेल, पण जो माल तुम्ही स्वतः विकणार किंवा ठेवणार आहात त्यासाठी ती द्या. बाग उक्ती दिली असेल तर तोडणी व्यापाऱ्याची माणसे करतात आणि तिथे तुमचे काही चालत नाही, हेही खरे.

दव पडलेले असताना, सकाळी लवकर तोडू नका. साल ओली आणि ताठ असते व सहज दुखावते. तोडलेली फळे झाडाच्या सावलीत आणि प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा, उन्हात ढीग नको. डागी, पिचकी आणि देठ फाटलेली फळे त्याच दिवशी वेगळी काढा. एवढे केल्यावर साठवणुकीचा विचार करता येतो, त्याआधी नाही. कारण जखमी फळ कुठल्याही शीतगृहात ठेवले तरी ते जखमीच राहते.

थोडा माल आठ-दहा दिवस अधिक टिकवायचा असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात विकसित केलेला विटांचा शीतकक्ष धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाखाली बांधता येतो. त्याला वीज लागत नाही. विटांचा तळ, त्यावर विटांच्या दोन भिंती, दोहोंमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, आणि वर गवताचे किंवा बांबूच्या तट्ट्यावर पोते घातलेले झाकण, एवढीच त्याची रचना. वाळू आणि विटा पहिल्यांदा पूर्ण भिजवायच्या, मग सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहायचे. पाण्याची वाफ होताना आतली उष्णता जाते. नागपूरच्या घराघरांत उन्हाळाभर खसाच्या ताट्या लावून कूलर चालतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे, आणि कूलर जसा जुलैत निरुपयोगी होतो तसाच हा कक्षही पावसाळी हवेत काम करत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र आतले तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरू शकते आणि आत ओलसरपणा राहिल्याने फळ सुरकुतत नाही. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, म्हणजे हा कक्ष नेमका उपयोगी पडतो त्याच दिवसांत. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) यांनाही तो चालतो. बाजारात न्यायच्या आदल्या संध्याकाळी तोडलेली भाजी त्यात ठेवली तर सकाळी तजेलदार निघते.

शीतगृहाचा विचार करायचा असेल तर आधी तिथले तापमान आणि शेजार विचारा. नागपुरी संत्र्याला साधारण 6 ते 7 अंश सेल्सिअस आणि 90 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. बटाट्यासाठी राखलेल्या त्याहून थंड खोलीत ठेवले तर सालीवर डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर फळ झपाट्याने सडते. नागपुरातील बऱ्याच शीतगृहांत वाळलेली मिरची साठवतात, तिच्या शेजारी संत्री ठेवण्याची कल्पना तुम्हीच करा. एकट्या तीन एकरांच्या बागेसाठी ही यातायात परवडत नाही. गावातली पाच-सहा घरे मिळून एक खोली घेत असतील तरच यात पडा.

राहिली चुरी. बाजारात तिला भाव नसला तरी रसात ती मोठ्या फळाहून फार मागे नसते, म्हणून तिचा स्क्वॉश करून पाहण्यासारखा आहे. नागपुरी संत्र्याच्या रसाची एक अडचण आहे : काढला तेव्हा गोड लागणारा रस काही तासांनी कडू होतो. फळातले एक द्रव्य रसातील आंबटपणाच्या सान्निध्यात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलते आणि उष्णतेने हा बदल आणखी वेगाने होतो. यावर उपाय असा की बिया चिरडू नयेत, फोडींचा चोथा दाबून पिळू नये, सालीचा पांढरा भाग रसात येऊ देऊ नये आणि रस उकळू नये. पहिल्या खेपेला दोन किलोच फळे घ्या, रस झाकून एक रात्र ठेवा आणि सकाळी चाखा. कडू झाला असेल तर त्या झाडांच्या फळांचा नाद सोडा.

एक लिटर गाळलेल्या रसाला दीड किलो साखर, एक लिटर पाणी आणि सुमारे 25 ग्रॅम सायट्रिक आम्ल हे प्रमाण धरावे. साखर, पाणी आणि आम्ल एकत्र उकळून गाळावे, पाक पूर्ण निवला की त्यात रस मिसळावा. यातून साडेतीन किलोच्या आसपास स्क्वॉश होतो, आणि नियमाप्रमाणे लागणारा किमान 25 टक्के रस आणि 40 टक्के विद्राव्य घटक त्यात येतात. टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागते, एवढ्या स्क्वॉशला फक्त 2 ग्रॅम. ही पूड चिमटीने टाकायची नाही. सोनाराकडे असतो तसा बारीक वजनाचा छोटा डिजिटल काटा घ्या. प्रमाण वाढले तर गंधकाचा वास घशात जातो आणि कायद्याची मर्यादाही ओलांडली जाते. ती वाटीभर थंड स्क्वॉशमध्ये विरघळवून मग सगळ्यात मिसळावी, कारण गरम पाकात टाकली तर तिचा गुण उडून जातो. दम्याच्या काही रोग्यांना ती सोसत नाही, म्हणून बाटलीच्या लेबलवर तिचे नाव लिहिणे आवश्यक आहे. हे सर्व हाताखाली करून शिकायचे असेल तर अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा.

मिरचीबद्दल थोडक्यात लिहिते. ती ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवावी, संध्याकाळी गोळा करून झाकावी, आणि वाकवली की मोडेल इतकी झाल्यावरच भरावी. तुटू नये किंवा वजन भरावे म्हणून विक्रीआधी पाणी मारण्याची जी रीत आहे ती सोडा. त्या ओलीवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही जात नाही. आपल्याच जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; अशा नावाच्या शेजारी राहून ओली मिरची विकणे बरे दिसत नाही.

आता सासूबाईंच्या वाळवणाकडे वळते. मुंगवड्या, कुरड्या, ज्वारीचे पापड, सुकवलेली हरभऱ्याची भाजी हे सर्व त्यांना यंत्राशिवाय जमले, कारण नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जगात पुष्कळ ठिकाणी यासाठी पैसे मोजावे लागतात. शिवाय नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत ज्या घरांना आता गच्ची उरलेली नाही, त्यांतल्या बायका मुंगवड्या विकतच घेतात. तुम्हाला गिऱ्हाईक इथे आहे. विक्रेत्याने दाखवलेल्या सालीच्या पुडीला ते कुठे आहे, हे मला दिसत नाही. घरच्या आणि विकायच्या वाळवणात फरक इतकाच की विकायच्या वाळवणावर बारीक जाळी किंवा मलमल पसरलेली हवी, प्रत्येक घाण्याला मीठ आणि मसाला मोजून घातलेला हवा, आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख व अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक हवा. छोट्या उत्पादकासाठी ही नोंदणी अवघड नाही. पालेभाजी वाळवायची असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, निथळून, सावलीत वाळवा. कडक उन्हात हिरवा रंग उडतो आणि नागपूरची गिऱ्हाईक बाई पिवळी मेथी हातात धरणार नाही.

यंत्राला नाही म्हणण्याचे कारण यातच आले. पालेभाजीत दहा भागांतले नऊ भाग पाणी असते. दहा किलो मेथी निवडून वाळवली की हाती जेमतेम किलोभर येते. त्या किलोभराची किंमत दहा किलो मेथी, वीज, मजुरी, पाकीट आणि दीड लाखावरचा हप्ता असे सगळे भरून काढणार असेल तरच ड्रायर परवडेल. ‘हातोहात खपेल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नियमितपणे माल घेणाऱ्या तीन गिऱ्हाइकांची नावे आणि भाव कागदावर लिहून मागा. ड्रायर वाईट नाही. पावसाळ्यात आणि ढगाळ थंडीत त्याला पर्याय नसतो. पण ज्याचा माल उन्हाळ्यात विकून खपतो आणि पावसाळ्यात कमी पडतो, त्याने तो घ्यावा. तुम्ही या उन्हाळ्यात दोन वस्तू निवडा, मुंगवड्या आणि तुरीची डाळ घ्या म्हणते मी, आणि कोणती किती गेली व किती परत आली याची वही ठेवा. पुढच्या वर्षी ती वही उघडून यंत्राचा विचार करू.

आणि तेव्हाही प्रदर्शनात आगाऊ रक्कम भरू नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली केंद्राने सुरू केलेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान ठेवलेले आहे, आणि नागपूर जिल्ह्यासाठी ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून संत्रा निवडलेला आहे. परंतु हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे. किमान दहा टक्के रक्कम आपली, बाकीचे कर्ज, आणि अनुदान तीन वर्षे बँकेतच राखून नंतर कर्जात जमा होते. रोखीने आधी यंत्र घेऊन मग अनुदानासाठी धावणाऱ्याला ते मिळत नाही, आणि विक्रेते हे सांगत नाहीत. वेळ येईल तेव्हा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन योजनेची सध्याची स्थिती विचारा आणि या कामासाठी नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तीला भेटा. प्रकल्प अहवाल आणि बँकेचा अर्ज तयार करून देणे हे त्यांचेच काम आहे. कर्ज मंजुरीचे पत्र हातात पडल्यावरच यंत्राच्या कोटेशनवर सही करा.